दोरी, रोलर आणि सायलेन्सर

माटुंग्याला यंत्रांचा शेजार जुना आहे. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या मधल्या पट्ट्यात १९१५ साली जीआयपी रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि डबे-वाघिणी तिथे दुरुस्तीला येऊ लागल्या. १९२३ मध्ये रुळांच्या पूर्वेला व्हीजेटीआय आली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था तोवर भायखळ्याला होती. नावातली राणी जाऊन वीरमाता जिजाबाई आल्या त्या १९९७ मध्ये. प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या या वस्तीत बागा, वाचनालये आणि उडप्यांची हॉटेले जितकी मुरली, तितकीच लेथ आणि इंजिनेही मुरली.

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची सुटका नसलेला एक प्रयोग आहे. इंजिनाच्या फ्लायव्हीलला, म्हणजे जड चाकाला, दोरीचा वेढा द्यायचा. दोरीच्या एका टोकाला वजने टांगायची, दुसरे टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधायचे. इंजिन सुरू केले की चाक दोरीला ओढते, काटा हलतो. वजनातून काट्यावरचा आकडा वजा करायचा, चाकाचा व्यास आणि मिनिटाचे फेरे धरायचे, की इंजिनाची ताकद कागदावर उतरते. घर्षणाने चाक तापते म्हणून त्याच्या पन्हाळीत पाणी सोडतात. तरी करपलेल्या दोरीचा वास प्रयोगशाळाभर पसरतो. रोप ब्रेक डायनॅमोमीटर म्हणतात ते हेच. याचा मूळपुरुष म्हणजे फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याचा १८२१ मधला लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक. विल्यम फ्रूडने १८७७ मध्ये दोरी-ठोकळ्यांऐवजी पाण्याचा अडसर वापरला, तेव्हा जहाजांची अजस्र इंजिनेही मापात आली. आज मोटरसायकलवाले ज्याला कौतुकाने ‘डायनो’ म्हणतात तो या घराण्यातला धाकटा.

पण कॉलेजच्या फाटकाबाहेर पडले की दोरी संपते आणि कान सुरू होतो. मुंबईत मोटरसायकलची ताकद पिढ्यान्‌पिढ्या कानानेच मोजली गेली आहे, आणि या मापाने जितके लोक फसले तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या मापाने फसले असतील.

बुलेटचेच घ्या. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि ३५० सीसीचे, अठराएक हॉर्सपॉवरचे ते संथ इंजिन देशभर धडधडू लागले. त्याला बसवायच्या सायलेन्सरांची एक वेगळीच वंशावळ तयार झाली: शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन, पंजाब, इंदौरी आणि गोल्डस्टार. यातला शेवटचा बीएसए कंपनीच्या ‘गोल्ड स्टार’ या ब्रिटिश गाडीवरून आला. त्या गाडीच्या नावामागे मात्र खरेखुरे मोजमाप होते. १९३७ च्या जूनमध्ये वॉल हँडलीने बीएसएवर बसून ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली. अशा फेरीसाठी तिथे सोन्याच्या ताऱ्याची पिन मिळत असे. कंपनीने तेच नाव पुढच्या गाडीला दिले. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातला घड्याळाचा भाग गळून गेला आणि आवाज तेवढा उरला. गोल्डस्टार लावलेली बुलेट घ्यायला आलेल्या मालकाला ‘पिकअप वाढला’ असे मनापासून वाटत असे. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, हा मेंदूचा दोष आहे, मेकॅनिकचा नव्हे. मेकॅनिक त्याचा फायदा घेतो एवढेच.

टू-स्ट्रोक गाड्यांनी या भ्रमाला चांगलीच किंमत मोजायला लावली. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत’ या नावाने आणली. जपानी अवतारात ती ३९ हॉर्सपॉवरची होती. भारतात पेट्रोलच्या चिंतेने तिला आधी ३०.५ आणि नंतर २७ वर उतरवले. मग १९८५ मध्ये आरएक्स १०० आली: ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. दादर-परळच्या गल्ल्यांत या गाडीची आठवण अजून निघते. ती घेतली की पहिल्या महिन्यात सायलेन्सरच्या शेपटातला बॅफल उपसून फेकायचा, असा जणू संस्कारच होता.

हा बॅफल उपसल्याने काय बिघडते हे समजायला पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावी जावे लागते. तिथल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने १९५० च्या दशकात ओळखले, की टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर ही धूर बाहेर टाकायची नुसती नळी नसून इंजिनाचाच एक भाग आहे. सिलिंडरमधून सुटलेली दाबाची लाट नळीच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि नुकतेच निसटू पाहणारे ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण पुन्हा आत ढकलते. नळीची लांबी आणि फुगवटा जुळला तर ठरावीक फेऱ्यांवर इंजिन जणू पेट घेते; नाही जुळला तर तीच लाट अवेळी येऊन काम बिघडवते. काडेनने हे अंदाजाने केले नाही. ऑसिलोस्कोपवर लाटा पाहिल्या, ब्रेकवर इंजिन लावून आकडे घेतले, नळी कापली, पुन्हा जोडली. १९६१ मध्ये त्याचे १२५ सीसीचे इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होते, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला, ती विद्या सुझुकीकडे गेली आणि १९६२ मध्ये सुझुकी ५० सीसीची जगज्जेती झाली. काडेनने मिलिमीटरने हलवलेली गोष्ट आपल्याकडे पक्कडीने उपसली जात होती. गाडी किंचाळू लागे. खालच्या फेऱ्यांवरची ओढ बहुधा कमी होई. आणि मालक खूश असे.

तरी जुन्या मिस्त्रींना मोजता येत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्याकडे स्पार्क प्लग होता. सायलेन्सर मोकळा केला की हवा जास्त खेचली जाते, मिश्रण विरळ होते, इंजिन तापते, थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात. मग कार्बोरेटरचा मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालायचा, नीडलची क्लिप एक खाच सरकवायची, पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवून तिथल्या तिथे बंद करायची आणि प्लग काढून पाहायचा. बिस्किटी रंग आला तर ठीक. पांढरा तर पेट्रोल कमी, काळा तर जास्त. दोन-तीन जेट, एक पाना आणि सवयीचा डोळा एवढ्यात काम होई. कार्बोरेटरच्या गाडीला नुसता सायलेन्सर बदलून डायनोवर नेण्याची गरज त्या काळी पडली नाही आणि आजही क्वचितच पडते.

डायनो महाराष्ट्रात नव्हता असे मात्र नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, स्थापन झाली. फिरायला जाणाऱ्या पुणेकरांच्या तोंडी त्या भागाचे नाव ‘एआरएआय टेकडी’ असेच आहे. तिथे अख्खी गाडी रोलरवर चढवून चालवली जाते आणि तिचा धूर पिशव्यांत गोळा करून तपासला जातो. भारतीय रस्त्यांसाठी ठरवलेले जुने चाचणीचक्र १०८ सेकंदांचे होते: निघा, थांबा, पुन्हा निघा, आणि कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. दादर टीटीच्या सिग्नलांवरून गाडी हाकणाऱ्याला हा आकडा आजही उदारच वाटेल. मुद्दा असा, की कंपनीचा सायलेन्सर या रोलरवर, धुराच्या आणि आवाजाच्या मर्यादा सांभाळून घडवलेला असतो. तो काढणारा माणूस एका लांबलचक मोजमापाचा निकाल काढून ठेवत असतो आणि त्याच्या जागी बहुतेक वेळा काहीच न मोजता बनवलेली नळी बसवतो.

गॅरेजात शिरला तो डायनो निराळ्या हेतूने जन्मला. १९७२ मध्ये कार्बोरेटरच्या जेटचे किट विकायला निघालेल्या डायनोजेट या अमेरिकी कंपनीने पुढे आपल्या किटने फरक पडतो का हे पाहण्यासाठी एक जाडजूड लोखंडी ड्रम घेतला. मागचे चाक त्यावर ठेवायचे, थ्रॉटल पूर्ण पिळायचा आणि ठाऊक असलेल्या वजनाचा तो ड्रम किती झपाट्याने वेग घेतो यावरून ताकद काढायची. यंत्र सोपे, आलेख देखणा. मागच्या चाकावरचा आकडा माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी येतो, कारण कंपनी क्रँकवरची ताकद सांगते आणि गिअर, चेन, टायर आपापला वाटा खातात. पहिल्यांदा आलेख पाहून हिरमुसलेले मालक यामुळेच भेटतात. दोन गॅरेजांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यातही अर्थ नसतो. त्याच रोलरवर, त्याच दिवशी, बदलाआधी आणि बदलानंतर घेतलेली रेघ तेवढी विश्वासाची.

या यंत्राला आपल्याकडे खरे काम मिळाले ते फ्युएल इंजेक्शन आल्यावर. २०२० च्या एप्रिलपासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाले आणि कार्बोरेटर नव्या गाड्यांतून जवळपास हद्दपार झाला. आता जेट नाही, क्लिप नाही. किती पेट्रोल सोडायचे याचा तक्ता ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, कोरलेला. सावकाश चालताना ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगतो आणि ईसीयू मिश्रण स्वतःच ताळ्यावर आणते. म्हणून धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात न लावता नुसते शेपूट, म्हणजे स्लिप-ऑन, बदलले तर गाडी बहुतेक स्वतःला सांभाळून घेते, आणि डायनोवर खर्च केलेले काही हजार रुपये आलेखाची चौकट करण्यापलीकडे फारसे उपयोगी पडत नाहीत. बेंडपासून सगळी नळी बदलली, कन्व्हर्टर गेला, वर मोकळा एअर फिल्टर बसवला, तर मात्र गोष्ट वेगळी. पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू सेन्सरचे ऐकत नाही, तक्त्याचे ऐकते. आणि तक्ता जुन्या नळीचा असतो. तेव्हा डायनो लागतोच, हॉर्सपॉवर वाढवायला नव्हे तर पिस्टन वाचवायला. त्यात इथेनॉलची भर आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणात हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. पंपावरचे इंधन बदलल्यावर परदेशातून उतरवून घेतलेला तयार तक्ता तितका चपखल बसत नाही.

माटुंग्यात ही सगळी वाट स्वतःच्या पायांनी चालणारी एक जमात आहे. व्हीजेटीआयसह मुंबईच्या अनेक महाविद्यालयांतली मुले फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी छोट्या शर्यतीच्या गाड्या बांधतात. इंजिन मोटरसायकलचे, बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून निघालेले केटीएम ३९० चे ३७३ सीसी इंजिन अशा संघांच्या आवडीचे. नियम असा, की इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून गेली पाहिजे. म्हणजे नाक दाबलेले, आणि सायलेन्सर तर गाडीच्या सांगाड्यात बसेल असा स्वतः वाकवलेला. कंपनीचा तक्ता इथे शून्य कामाचा. मुले प्रोग्रॅम करता येणारी ईसीयू लावतात, इंजिन डायनोवर बांधतात आणि रकाना रकाना भरत जातात. स्पर्धा भरते त्या कोईंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आवाजाच्या चाचणीत नापास झालेला संघ धावपट्टीवर उतरू शकत नाही, त्यामुळे ‘मोठा आवाज म्हणजे मोठी गाडी’ हा समज त्यांच्यात फार टिकत नाही.

रकान्यांवरून निघाले म्हणून सांगायचे, की ड्रम फिरवून पूर्ण थ्रॉटलची एक रेघ काढणे म्हणजे ट्युनिंग नव्हे. अर्ध्या, पाव थ्रॉटलवर गाडी रोखून धरायला एडी करंटचा, म्हणजे विद्युतचुंबकीय अडसर असलेला डायनो लागतो. पैसे मोजण्याआधी गॅरेजवाल्याला विचारायचा प्रश्न हा. मुंबईत तो जास्तच महत्त्वाचा, कारण सी लिंक, कोस्टल रोड आणि अटल सेतू या शहराच्या मोकळ्या रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे. माटुंग्याच्या माणसाने वाढवलेले शेवटचे तीन हॉर्सपॉवर किंग्ज सर्कलच्या पुलाखाली वापरायचे कुठे?

शिवाय दुसरा रोलर आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रूपात मनमानी बदल करू देत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढवले, आणि जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून रोडरोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रम मुंबई, पुणे, नागपूर असे सगळीकडे होत असतात. डायनोवरचा आलेख दाखवून त्यातून सुटका होत नाही. २०१९ मध्येच रॉयल एनफिल्डने बुलेट, क्लासिक आणि थंडरबर्डसाठी रस्त्यावर कायदेशीर ठरतील असे वेगवेगळ्या घाटांचे सायलेन्सर स्वतःच बाजारात आणले, साडेतीन हजार रुपयांच्या आगेमागे. त्यांचा आवाज आणि धूर कंपनीने आधीच तपासून घेतलेला असल्याने ग्राहकाला वेगळे ट्युनिंग करावे लागत नव्हते; फक्त ते गोल्डस्टारएवढे वाजत नसत, अशी तक्रार होती.