सवतीमत्सर आणि सिंहासन

राजा एक आणि त्याच्या प्रीतीसाठी झुरणाऱ्या स्त्रिया दोन, ही कथा चित्रपटवाल्यांची फार लाडकी आहे. २००८ साली 'दि अदर बोलिन गर्ल' या नावाचा एक इंग्रजी बोलपट निघाला. इंग्लंडचा आठवा हेन्री राजा आणि मेरी व ॲन या बोलिन घराण्यातील दोन सख्ख्या बहिणी, अशी त्याची मांडणी. २०१५ साली आपल्याकडे 'बाजीराव मस्तानी' आला. त्यात काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र पिंगा घालताना दाखविले आणि त्यावरून पुष्कळ वाद माजला. अशा चित्रपटांतून बाहेर पडताना सामान्य प्रेक्षक बहुधा एकच वाक्य बरोबर घेऊन जातो : बाईच बाईची वैरीण. या वाक्याची इतिहासाच्या साक्षीने उलटतपासणी करावी, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. कामगारांच्या चळवळीत आयुष्य गेले आणि जे वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, उसन्या पुस्तकांतून झाले. परंतु चळवळीने आम्हांला एक सवय लावली. कारखान्याच्या गेटवर कायम कामगार आणि ठेक्याचा कामगार एकमेकांच्या अंगावर धावून गेले, म्हणजे त्या दोघांचे स्वभाव तपासण्यापूर्वी आम्ही विचारतो, की जागा एकच का ठेवली आणि ती कोणी ठेवली? राजवाड्याच्या दारात उभे राहूनही हाच प्रश्न विचारता येतो.

प्रथम इंग्लंडकडे पाहू. हेन्री गादीवर आला १५०९ साली. पट्टराणी कॅथरिन हिला एक मुलगी जगली, मुलगा जगला नाही. राजाची नजर आधी मेरी बोलिनवर गेली. त्या काळात मेरीच्या नवऱ्याला राजाकडून जमिनी आणि उत्पन्ने मिळाली. तिचा बाप टॉमस १५२५ साली व्हायकाउंट झाला, आणि राजाचे मन धाकट्या ॲनकडे वळल्यावर १५२९ साली अर्ल झाला. ॲनचे लग्न १५३३ साली लागले, त्याच वर्षी तिला मुलगी झाली, मुलगा झाला नाही. आणि १९ मे १५३६ रोजी तिचा शिरच्छेद झाला. तिच्या भावाचे डोके दोन दिवस आधीच उडविले होते. मेरीने १५३४ साली एका साध्या शिपाईगड्याशी गुपचूप लग्न केले. त्यापायी ती दरबारातून हाकलली गेली, आणि दूर गेली म्हणूनच वाचली. या दोन बहिणी राजासाठी एकमेकींशी झगडत होत्या, याला भक्कम कागदोपत्री आधार नाही. तो रंग कादंबरीचा आणि पडद्याचा. कागदावर दिसते ते बापाच्या पदव्यांचे आणि जावयाच्या जमिनींचे टिपण.

आता आपल्या घरी येऊ. सख्ख्या बहिणींची नव्हे, पण एका राजाच्या दोन राण्यांची झुंज मराठ्यांच्या इतिहासात ठळक आहे. छत्रपती राजाराम महाराज २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर वारले. त्यांच्या राणी ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या; त्यांचा मुलगा शिवाजी तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. दुसऱ्या राणी राजसबाई कागलच्या घाटग्यांच्या. त्यांचा मुलगा संभाजी त्याहून लहान. ताराबाईंनी आपल्या मुलास गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबासारख्या बादशहाशी टक्कर दिली. १७०७ साली बादशहा दक्षिणेतच मेला. मग मोगलांनी शाहू महाराजांना सोडले आणि गादीचा दुसरा हक्कदार उभा राहिला. त्याच वर्षी खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे गेले. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापुराकडे आपली स्वतंत्र गादी मांडली.

इथे आपल्या कोकणचा धागा येतो. दर्यावर ज्यांचा दरारा होता ते कान्होजी आंग्रे प्रथम ताराबाईंच्या पक्षाचे होते. १७१४ साली बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंच्या बाजूस वळविले. कान्होजींचे किल्ले त्यांच्याकडेच राहिले, सरखेलपद राहिले, फक्त मुजरा कोणत्या गादीला करावयाचा ते बदलले. आणि त्याच १७१४ सालात पन्हाळ्यावर उलथापालथ झाली. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडले, आणि राजसबाईंचे चिरंजीव संभाजी गादीवर आले. रामचंद्रपंत अमात्यांसारखे मुरब्बी मुत्सद्दी पुढे या नव्या गादीच्याच सेवेत दिसतात. सुप्रसिद्ध आज्ञापत्र हे त्याच संभाजी महाराजांच्या नावाने निघालेले आहे.

या घटनेला आपल्या बोलण्यात काय नाव मिळाले? सवतीमत्सर. श्रोतेहो, वर्षे मोजून पाहा. राजाराम महाराज जाऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. ज्याच्या प्रीतीसाठी मत्सर करावयाचा तो पुरुषच जगात नव्हता! मग भांडण कशाचे होते? गादीचे होते, आणि गादीभोवती वतने-सरंजामांचे जे सारे गाडे फिरत होते, त्याचे होते. मोगलांशी झुंजताना राजाराम महाराजांच्या काळापासून सरदारांना मुलूख तोडून देण्याची रीत पडली. सरदाराच्या हातातली सनद खरी ठरावयाची तर तिच्यावर शिक्का मारणारा छत्रपती हवा. छत्रपती जितका अल्पवयीन किंवा दुबळा, तितका सरदार मोकळा. दोन राण्यांपैकी कोणाचा मुलगा गादीवर, हा प्रश्न म्हणून शेकडो घरांच्या भाकरीचा होता. या बाजारात स्त्रीजवळ भांडवल एकच होते, ते म्हणजे मुलगा. स्वतःच्या नावाने गादी तिला मिळत नव्हती. सात वर्षे मोगलांशी लढूनही ताराबाईंचा कारभार मुलाच्या नावानेच चालला.

आणखी एक गंमत पाहा. शाहू आणि संभाजी हे दोघे चुलतभाऊ. त्यांचा तंटा वर्षानुवर्षे चालला आणि १७३१ साली वारणेचा तह होऊन राज्याची वाटणी झाली. त्याला कोणी भाऊबंदकीचा मत्सर म्हणून हसत नाही. तो राजकारणाचा धडा म्हणून शाळेत शिकवितात. तेच काम दोन विधवा राण्यांनी केले की ते चुलीजवळचे भांडण ठरते!

बाजीरावांच्या घरातही हेच आढळते. मस्तानीला पुण्यात अटकेत ठेवण्याचे काम दीर चिमाजीअप्पा आणि मुलगा नानासाहेब यांच्या हातून झाले, काशीबाईंच्या नव्हे. १७४० साली बाजीराव रावेरखेडीला वारले, पाठोपाठ मस्तानीही गेली. मागे राहिलेला तिचा लहानगा समशेर बहादूर काशीबाईंच्या छायेत वाढला आणि १७६१ साली पानिपतच्या रणात मराठ्यांसाठी लढला आणि तिथे झालेल्या जखमांनी वारला. सवतीच्या पोराला जवळ घेणारी ही बाई मत्सराच्या साच्यात कशी बसवावयाची?

कोणी म्हणेल, तुम्ही राण्यांना अगदीच निष्पाप करून टाकता. तसे नाही. राजसबाईंच्या पक्षाने सवतीला आणि तिच्या मुलाला कोंडले, आणि तो मुलगा कैदेतच वारला. खुद्द ताराबाईंनी म्हातारपणी, १७५० साली, ज्याला आपला नातू म्हणून साताऱ्याच्या गादीवर आणविले त्या रामराजालाच किल्ल्यात डांबले. सत्तेचे डाव त्या डोळे उघडे ठेवून खेळल्या आणि त्यांचे माप सत्ताधाऱ्यांच्याच मापाने घ्यावे. मात्र खेळाचा नियम त्यांनी केला नव्हता. बायका अनेक, गादी एक, आणि हक्क फक्त मुलाच्या पोटी : हा नियम ज्यांनी केला त्यांचे नाव या कथेत कोणी घेत नाही.

जासईच्या मंडळींनी विचारावे, की या जुन्या राण्यांशी आमचे काय देणेघेणे? देणेघेणे आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी या परिसरात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढा झाला. नेते होते याच गावचे दि. बा. पाटील. पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. त्या लढ्यात आमच्या आगरी-कोळी बाया मागे राहिल्या नव्हत्या. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला तो त्या रक्ताच्या पोटी. आता प्रश्न असा, की मिळालेल्या भूखंडाच्या कागदावर त्या बायांची आणि त्यांच्या लेकींची नावे किती?

कायदा त्यांच्या बाजूने आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केले. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या दुरुस्तीने देशभर मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, लग्न झालेले असो वा नसो. आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की त्यासाठी २००५ साली बाप जिवंत असण्याची अट नाही. इतके असून घरोघर काय चालते? मोबदल्याची नोटीस आली की भाऊ हक्कसोडपत्र घेऊन बहिणीच्या दारी जातो. जी सही करते ती गुणी बहीण. दिवाळीला तिला साडी, पोराबाळांना माहेरचा पाहुणचार. जी वाटा मागते तिला माहेर बंद, आणि तिची समजूत घालावयास धाडतात तेही सही केलेल्या बहिणीलाच. दोन बहिणी, आणि मध्ये भावाची प्रीती! मेरी आणि ॲनची गोष्ट पडद्यावर पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही.

आम्ही सगळ्या भावांना खलनायक ठरवीत नाही. राजीखुशीने वाटा सोडणाऱ्या बहिणीही आहेत, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण राजीखुशी म्हणावयाची केव्हा? कागद वाचून दाखविला, जमिनीची आजची किंमत सांगितली, आणि नाही म्हटले तरी माहेरचे दार उघडे राहील अशी खात्री दिली, तेव्हा. संघटनेत आम्ही कामगाराला पहिली गोष्ट शिकवितो ती ही, की साहेबाच्या केबिनमध्ये सहीसाठी एकट्याने जाऊ नये. तीच गोष्ट आमच्या लेकीबहिणींना सांगावीशी वाटते. हक्कसोडपत्र समोर आले की सगळ्या बहिणींनी एकत्र बसावे, वकिलाकडून ते वाचवून घ्यावे, वारस नोंदीत सर्वांची नावे लागली की नाही ते तलाठ्याकडे जाऊन पाहावे, आणि मग जो निर्णय घ्यावयाचा तो एकविचाराने घ्यावा. ताराबाई आणि राजसबाई यांना असे एकत्र बसण्याची जागा त्यांच्या काळाने ठेवली नव्हती. आमच्या लेकींना ती कायद्याने दिली आहे; गावाने ती हिरावून घेऊ नये.