कालक्रम आणि इतिहास

तारखेप्रमाणे कागद लावले, पृष्ठांक घातले, की प्रकरण सिद्ध झाले, अशी आम्हां कचेरीतील मंडळींची समजूत असते. परंतु पृष्ठांक अचूक असूनही प्रकरणाचे मर्म हरवू शकते. सर्जिओ लिओने ह्या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ ह्या चित्रपटाचा इतिहास ह्याचीच साक्ष देतो.

न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीत वाढलेल्या गुंडांच्या टोळीचे हे आख्यान आहे. दारूबंदीच्या काळात माजलेली ही टोळी १९३३ साली नष्ट होते. आपण पोलिसांस दिलेल्या खबरेमुळेच सोबती मेले, ह्या समजुतीने नूडल्स शहर सोडतो आणि पस्तीस वर्षांनी, १९६८ साली, परततो. लिओने ही कथा क्रमाने सांगत नाही. बालपण, तारुण्य व वार्धक्य तो एकमेकांत गुंफतो. अफूच्या अड्ड्यावर उघडलेली कथा तेथेच, नूडल्सच्या गूढ हास्यावर, संपते. बदलीच्या गावी राहणाऱ्या आमच्या वाचकांस हे निराळे समजावणे नको. घरची आठवण त्यांनाही तारीखवार येत नाही.

१९८४ साली कान येथील महोत्सवात ह्या चित्रपटाची २२९ मिनिटांची प्रत दाखविली गेली. युरोपात तीच चालली. अमेरिकेतील वितरकांनी मात्र लिओनेच्या इच्छेविरुद्ध ती १३९ मिनिटांवर आणली आणि उरलेले प्रसंग कालक्रमाने लावले. सारे यथासांग झाले, पण कथेचा प्राण गेला. कारण स्मरण व पश्चात्ताप हाच तिचा विषय होता. चित्रपट अमेरिकेत आपटला. समीक्षक रॉजर ईबर्ट ह्यांनी मूळ प्रतीस चार तारे दिले, तर कापलेल्या प्रतीस अवघा एक.

पूर्वीच्या काळी प्रकरण येथेच मिटले असते. चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट सामान्य प्रेक्षकास पुन्हा दिसणे कठीण होते. परंतु तोवर व्हिडिओ कॅसेट घरोघर पोहोचली होती. तिच्याद्वारे दीर्घ प्रत अमेरिकन प्रेक्षकांस मिळाली आणि वितरकांचा निवाडा त्यांनी घरी बसून फिरविला. पुढे २००३ साली हीच प्रत डीव्हीडीवर आली.

लिओने १९८९ साली वारला. हा त्याचा अखेरचा चित्रपट ठरला. २०१२ साली कान येथेच, काही गाळलेले प्रसंग जोडून, २५१ मिनिटांची प्रत दाखविण्यात आली आणि २०१४ साली ती ब्लू-रे तबकडीवरही निघाली. जोडलेल्या प्रसंगांचा रंग फिका आहे, चित्र मळकट आहे. कोणी ह्यास दोष म्हणेल. आम्हांस मात्र तो प्रामाणिकपणा वाटतो. काय कापले गेले होते, हे त्या ठिगळांवरून कोणासही कळते, आणि १३९ मिनिटांच्या त्या सुबक प्रतीत नेमके हेच कळण्याची सोय नव्हती.