झायांटी कुणाला आठवतेय?

मंडळी, ही कॅलिफोर्नियातली छोटीशी कंपनी. फायरवायरचे मुख्य शिल्पकार मायकेल जोहास टीनर ॲपल सोडल्यावर इथे होते. फायरवायरची खुबी अशी, की कॅमेरा आणि डिस्क मध्ये कॉम्प्युटर नसतानाही थेट बोलू शकत. यूएसबीला तेव्हा प्रत्येक गोष्टीसाठी यजमान लागे. पण १९९९ च्या सुमारास ॲपलने दर पोर्टमागे एक डॉलर मागितला आणि इंटेल बिथरलं. डॉलर तो केवढा! पुढे रक्कम उतरवली, पण २००० साली ४८० मेगाबिटचं यूएसबी २.० आलंच. २००२ मध्ये ॲपलने झायांटीच विकत घेतली. जुनी मंडळी घरी परत! २००३ ला ८०० मेगाबिटचं फायरवायर मॅकवर आलं. व्हिडिओवाले खूश, बाकीच्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून तर फायरवायर गेलंच.