जमिनीखालचा हादरा

आगगाडीत बसल्यावर आपले अंग हलते, याचे कोणाला नवल वाटत नाही. पण गाडी जमिनीखालून जाते आणि वरच्या इमारतीत काम करणाऱ्या माणसाचा हात हलतो, असे कधी ऐकले आहे का? सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये हे घडले.

सेंट्रल लंडन रेल्वे ही विजेवरची भुयारी रेल्वे ३० जुलै १९०० रोजी लोकांसाठी खुली झाली. शेफर्ड्स बुश ते बँक, कुठेही उतरा, तिकीट दोनच पेन्स! या गाडीच्या चालीत काही गोष्टी वेगळ्या होत्या. स्थानक आले की गाडी चढ चढे आणि सुटताच उताराला लागे. चढावर वेग आपोआप कमी व्हावा, उतारावर तो लवकर वाढावा आणि वीज वाचावी, म्हणून स्थानके मुद्दाम उंचवट्यावर बांधली होती. बोगदाही शक्यतो रस्त्याखालूनच नेला होता, कारण खासगी इमारतींखालून जायचे तर मालकांना पैसे मोजावे लागले असते. साहजिकच रस्ता वळला की बोगदा वळे आणि त्याबरोबर डब्यांची रांगही वाकत जाई.

हे सारे ठरवून केलेले होते. हादऱ्यांचा मात्र कोणी विचार केला नव्हता. गाडी ओढणारे इंजिन ४४ टनांचे. त्याच्या मोटारी थेट चाकांच्या आसावर बसवलेल्या, त्यामुळे बराचसा भार स्प्रिंगच्या आधाराशिवाय रुळांवर आदळे. चीपसाइडच्या कचेऱ्यांतले नकाशे काढणारे तक्रार करू लागले, की आम्हाला सरळ रेघ ओढता येत नाही.

ही तक्रार हसण्यावारी नेली गेली नाही. व्यापार मंडळाने, म्हणजे रेल्वेवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, नामवंत भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हादऱ्यांची मोजमापे झाली. गिअर बसवून हलकी केलेली इंजिनेही चालवून पाहिली. फरक पडला, पण त्याहून चांगला उपाय निघाला तो इंजिनच काढून टाकण्याचा! मोटारी प्रवासी डब्यांखाली बसवायच्या आणि सर्व मोटारी एकाच चालकाने चालवायच्या. फ्रँक स्प्रेग यांनी १८९७ मध्ये शिकागोत ही पद्धत यशस्वी करून दाखवली होती. १९०३ पर्यंत लंडनच्या या मार्गावरून इंजिने गेली आणि हादऱ्यांचा त्रास पुष्कळ कमी झाला.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावलेली आपली पहिली विजेची गाडी याच पद्धतीची होती. मुंबईच्या लोकलला पुढे वेगळे इंजिन नसते, ते यामुळेच.

मुंबईतही आता जमिनीखालून मेट्रो धावते. प्रवास सुखाचा झाला की नाही, हे डब्यात बसलेल्याला विचारावेच. पण वरच्या घरातला माणूस 'भांडी वाजतात हो' म्हणाला, तर त्याला भित्रा न म्हणता मोजणी करावी. तक्रार खरी की खोटी, हे मोजल्यावरच कळते.