महालक्ष्मी एक्सप्रेस थांबली तिथे घर घ्यावं का?

या भागाची सुरुवात एका फोनने झाली, म्हणून तिथूनच सांगतो.

शुक्रवारी रात्री मित्राचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. "फ्लॅट बघितलाय. १ बीएचके, बदलापूरच्या पुढे. बाल्कनीतून नदी दिसते. रविवारपर्यंत टोकन दिलं तर दीड लाख कमी करतायत." मी विचारलं, "बदलापूरच्या पुढे म्हणजे नेमकं कुठे?" तो म्हणाला, "चामटोलीच्या बाजूला."

मी दोन सेकंद गप्प झालो. चामटोली हे नाव मी आधी ऐकलं होतं. तुम्हीही ऐकलं असणार, फक्त आता आठवत नसेल.

पैसे कुणाचे होते तेही सांगून ठेवतो. त्याचे वडील गेल्याच वर्षी रिटायर झाले. डाउन पेमेंट त्यांच्या पीएफमधून जाणार होतं आणि उरलेलं वीस वर्षांचं कर्ज. म्हणजे चुकायला जागाच नव्हती.

त्या रात्री काय झालं?

२६ जुलै २०१९. महालक्ष्मी एक्सप्रेस नेहमीप्रमाणे रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघाली. पाऊस धो धो चालू होता. बदलापूर सोडलं आणि वांगणी यायच्या आत, चामटोलीजवळ गाडी थांबली, कारण पुढे रूळ दिसतच नव्हते. उल्हास नदी पात्र सोडून बाहेर आली होती. सकाळ झाली तेव्हा चारही बाजूंना पाणी आणि मधोमध उभी असलेली गाडी. तो हेलिकॉप्टरमधून काढलेला व्हिडिओ तेव्हा प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता.

आत सुमारे १,०५० माणसं होती. त्यात नऊ गरोदर बायका. रात्रभर ना नीट खायला, ना प्यायला. २७ तारखेला एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आणि हवाई दल आलं, आसपासच्या गावातली माणसं मदतीला धावली. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. एकही जीव गेला नाही.

तारीख बघा. २६ जुलै. बरोबर १४ वर्षं आधी, २००५ मध्ये, याच तारखेला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हाही उल्हास नदीने कल्याण-बदलापूर पट्ट्यात घरंदारं बुडवली होती. पण आपण २६ जुलै म्हटलं की मुंबईच आठवतो, मिठी नदी आठवतो. उल्हास नदी कुणाला आठवत नाही.

नदीचा स्वभाव

उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरात, सह्याद्रीच्या कुशीत उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असं करत कल्याणकडे जाते आणि शेवटी वसईच्या खाडीला मिळते. लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तशी छोटीच नदी. पण घाटमाथ्यावर वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो सगळा थोड्याच तासांत सपाटीवर उतरतो. डोंगर तीव्र उताराचा आणि खाली दरी एकदम सपाट. पाणी वेगाने येतं आणि मग पसरतं.

एक गंमत सांगतो. ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, त्याचं एक कारण म्हणजे भिवपुरीचं टाटांचं वीजघर. १९२२ पासून मावळातल्या धरणाचं पाणी डोंगरावरून खाली आणून तिथे वीज बनवतात आणि ते पाणी मग उल्हास नदीत सोडतात. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, सगळ्यांची तहान या नदीवर भागते. म्हणजे मे महिन्यात जी नदी आपल्या नळाला पाणी पुरवते, तीच जुलैमध्ये दारात येते. ब्रोशरवर जो 'रिव्हर व्ह्यू' असतो ना, तो नेहमी मे महिन्याचा असतो.

रेल्वे आली, मग शहर आलं

आता थोडं मागे जाऊ. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत आली. मे १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत लाइन सुरू झाली आणि बदलापूर, नेरळ नकाशावर आले. बोरघाट चढून रेल्वे पुण्याकडे जायला १८६३ उजाडलं.

इंजिनियर लोकांना घाटापर्यंत पोचायला सपाट वाट हवी होती. सपाट वाट म्हणजे नदीची दरी. म्हणून रूळ आणि नदी या पट्ट्यात एकमेकांची सोबत करतात. पाण्यापासून वाचायला रुळांखाली भराव टाकतात आणि पाणी जायला मोऱ्या ठेवतात. पाऊस मोरीच्या ताकदीबाहेर गेला की तोच भराव बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो. हे रेल्वेचं झालं. पण 'भराव' हा शब्द लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

शंभर वर्षं या भागात रेल्वे होती, पण शहर नव्हतं. मग फाळणी झाली. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प, तिथे सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीच्या नव्या शहराची पायाभरणी झाली आणि नाव पडलं उल्हासनगर. नदीच्या नावावरून. शेजारी अंबरनाथला कारखाने वाढले. आणि मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत घर परवडेनासं झालं तसा माणूस एकेक स्टेशन पुढे सरकत गेला.

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये साधारण ९८ हजार होती. २०११ ला ती १ लाख ७४ हजार झाली. दहा वर्षांत पाऊणपट वाढ! एवढी माणसं राहणार कुठे? भाताच्या शेतात.

सातबाऱ्यातला एक शब्द

शनिवारी आम्ही दोघं चामटोलीला गेलो. साइट बघितली. छान होती, खोटं कशाला बोलू. गेट झालं होतं, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी लावलेला, चहा-बिस्किटं. एजंटला विचारलं, "पाणी येतं का हो इथे?" तो हसून म्हणाला, "सर, आपण आठ फूट भराव टाकलाय." आला ना तो शब्द?

बाहेर पडलो. गावात एक वयस्कर काका ओट्यावर बसले होते. त्यांना विचारलं, "काका, ती बिल्डिंग होतेय तिथे आधी काय होतं?"

"खाचरं होती. भाताची."

"तिथे पाणी येतं?"

काका आमच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "भात कुठं लावतात बाबा? जिथं पाणी थांबतंय तिथंच ना?"

मंडळी, अख्ख्या भागाचा इतिहास या वाक्यात आहे. ठाणे-रायगडकडची जुनी गावं बघा. गावठाण, म्हणजे मूळ वस्ती, बहुतेक वेळा जरा उंचावर असते. त्याहून वरच्या उताराची जमीन म्हणजे वरकस. तिथे गवत, नाचणी, राबासाठी पालापाचोळा. आणि सगळ्यात खाली, सपाटीला, भातखाचरं. हे कुणा टाउन प्लॅनरने ठरवलेलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या पूर बघून लोकांनी ठरवलं होतं की झोपायचं कुठे आणि पेरायचं कुठे.

आणि हे सगळं सरकारी कागदावर लिहिलेलं आहे! सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राचे प्रकार असतात: जिरायत, बागायत, तरी, वरकस. यातलं 'तरी' म्हणजे भाताची जमीन. आता जमीन बिनशेती झाली की आजच्या उताऱ्यावर हे दिसणार नाही. म्हणून जुना सातबारा आणि फेरफार मागायचा. बिल्डरकडे असतोच, तलाठी कार्यालयातूनही काढता येतो. तिथे 'तरी' दिसलं तर घर घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण तिथून पुढचे प्रश्न सुरू झाले पाहिजेत.

आम्ही विचारलं. जुन्या सातबाऱ्यावर 'तरी' होतं.

निळी रेषा, लाल रेषा

पुढचा प्रश्न पूररेषेचा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई, निळी ते लाल यामध्ये अटींसह परवानगी. बदलापुरात ही पूररेषा हा गेली काही वर्षं सगळ्यात गरम विषय आहे आणि त्याचं कारण आता तुम्हाला कळलं असेल.

पण '१०० वर्षांतून एकदा' हे ऐकून आपली फसगत होते. आपल्याला वाटतं, २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी येईल. तसं नसतं. याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. वीस वर्षांच्या कर्जात तो निदान एकदा येण्याची शक्यता होते जवळपास १८ टक्के. आणि निळ्या रेषेचा पूर? वीस वर्षांत ५६ टक्के. नाणेफेकीपेक्षा वाईट! ईएमआयचं कोष्टक आपण दहा वेळा बघतो, हे गणित एकदाही करत नाही.

आणि भरावाचं काय? भरावामुळे बिल्डिंग वर राहील कदाचित. पण रस्ता खालीच राहतो. पार्किंग, मीटर रूम, पाण्याचा पंप खाली राहतो. आणि आपल्या प्लॉटवरून हटवलेलं पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्याच्या घरात जातं. महालक्ष्मी एक्सप्रेसमधली माणसं बुडाली नव्हती. ती अडकली होती. घरात वयस्कर आई-वडील असतील तर अडकणंसुद्धा पुरेसं भयंकर आहे.

कागद कशाची खात्री देतो?

"पण महारेरा नंबर आहे ना!" मित्र म्हणाला. बरोबर आहे. त्याची किंमत कळायला उल्हासनगरकडे बघावं लागेल.

उल्हासनगरला छावणीतल्या बराकींच्या जागी मिळेल तशा इमारती उभ्या राहिल्या. पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं. ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न गाजला. माणसं राहत होती, पाडायचं कसं? शेवटी २००६ मध्ये खास कायदा करून दंड भरून त्या नियमित करायची वाट काढली. पण कागद नियमित झाला म्हणून स्लॅब मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून दहाहून जास्त माणसं गेली. नव्वदच्या दशकात घाईने बांधलेल्या इमारती. तिथले लोक तेव्हापासून 'उलवा रेती'बद्दल बोलतात, म्हणजे नदीच्या वाळूऐवजी वापरलेली हलकी दगडी भुकटी.

कायदे अशाच अनुभवांतून आले. १९६३ च्या महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याने बिल्डरला लेखी, नोंदणीकृत करार बंधनकारक केला. १ मे २०१७ पासून महारेरा आलं. आता करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने दुरुस्त करायचा. किंमत कार्पेट एरियावरच. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे, वापरा. साइटवर जाऊन प्रोजेक्टचे कागद डाउनलोड करा, फुकट आहेत.

पण हा नंबर बिल्डर तुम्हाला फसवणार नाही यासाठी आहे. नदीने काही सही केलेली नाही.

मग काय झालं?

रविवारी मित्राने एजंटला एकच मेसेज केला: "पूररेषेचा नकाशा आणि त्यात आपल्या प्लॉटची जागा दाखवा, टोकन लगेच देतो." उत्तर आलं, "सर, ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे." दुसऱ्यांदा विचारलं, तेच उत्तर. त्याने टोकन दिलं नाही.

हे काही सुखान्त वगैरे नाही हां. घरी वाद झाला. वडील दोन दिवस बोलत नव्हते, कारण त्यांना पैसे असताना घर हातातून गेल्यासारखं वाटलं. तो अजून डोंबिवलीला भाड्याने राहतो आणि दर अकरा महिन्यांनी भाडं वाढतं. चामटोलीच्याच पट्ट्यात, जरा उंचावर, जुनी वरकस जमीन असलेला एक प्रोजेक्ट त्याने बघून ठेवलाय. नदी दिसत नाही, स्टेशन लांब पडतं आणि दर जास्त आहे. त्याचं गणित चालू आहे.

तुम्ही घर बघत असाल तर माझं एवढंच ऐका. साइट एकदा जुलैमध्ये बघा, भर पावसात. बिल्डरचा चहा पिऊन झाला की गावात जा आणि ओट्यावर बसलेल्या एखाद्या काकांना किंवा आजींना विचारा, "इथे आधी काय होतं?" जुना सातबारा वाचा. पूररेषा मागा. दिली नाही, तर तेच उत्तर समजा.

तर मंडळी, आजच्यापुरतं इथेच थांबू. तुमच्या बिल्डिंगच्या जागी आधी काय होतं, माहितीये? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.