पाळी नसताना डाग का पडतात? मूल हवं असलेल्या जोडप्यांनी कोणत्या तपासण्यांची तयारी ठेवावी

पाळी संपून आठ-दहा दिवस झाले आणि कपड्यावर पुन्हा तपकिरी डाग दिसला. किंवा पाळीच्या चार दिवस आधीपासून थोडं थोडं अंगावरून जातंय. पॅड लागावं इतकं नाही, पण नमाज पढावी की नाही असा प्रश्न पडतो, आणि लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन घरात पाळणा हलला नसेल तर मनात भीतीही बसते. आपल्या घरांत हे सासूला सांगता येत नाही, शौहरला सांगायला लाज वाटते, आणि मेडिकलवरून एक पत्ता गोळ्या आणून विषय मिटवला जातो. पहूर पेठ असो, कसबे असो की शेजारची खेडी, दवाखान्यात जाण्याआधी काय काय होणार आहे हे माहीत असलं तर निम्मी भीती कमी होते. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. डाग म्हणजे पाळी नाही. ऐकायला साधी वाटते, पण पुढच्या जवळपास प्रत्येक तपासणीची तारीख पाळीच्या पहिल्या दिवसावरून मोजतात. डागाचा दिवस पहिला धरला तर तपासणी चुकीच्या दिवशी होते आणि रिपोर्ट काही कामाचा राहत नाही. लाल रक्त नीट सुरू झालं, पॅड घ्यावं लागलं, तो पहिला दिवस. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन-तीन महिन्यांची नोंद ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या दिवशी गोल, डागाच्या दिवशी टिंब, आणि संबंधानंतर डाग पडला तर वेगळी खूण. नुसत्या या नोंदीवरून जाणकार डॉक्टरीणबाई अर्धं निदान करतात. पाळीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास एखादा दिवस डाग पडत असेल तर तो बहुतेक वेळा बीज सुटण्याच्या वेळचा असतो आणि त्यात काळजीचं काही नसतं. संबंधानंतर दर वेळी पडत असेल तर आधी पिशवीचं तोंड बघावं लागतं. आणि पाळी संपल्यावरही चार-सहा दिवस तपकिरी स्राव चालू राहत असेल, पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालं असेल, तर त्या जुन्या टाक्यापाशी खळगा पडून रक्त साचतंय का हे बघतात. पहिलं मूल झालं, दुसरं राहत नाही, अशा बायकांत हे कारण पुष्कळदा सुटून जातं.

कोणत्या गोळ्या घेतल्या तेही लिहून ठेवा. उमरा, हज, रमजान किंवा घरातलं लग्न आलं की पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. दोन डोस चुकले की डाग पडतात, गोळ्या थांबवल्यावर पाळी येते आणि पुढचा महिनाही कधी कधी विस्कटतो. तातडीची गर्भनिरोधक गोळी आणि तांबी यांनीही डाग पडतात. हे डॉक्टरांना सांगितलं नाही तर नसलेल्या आजाराचा शोध सुरू होतो.

पहिल्या दिवशी काय होतं

सर्वांत पहिली तपासणी लघवीची, दिवस राहिलेत का हे बघण्याची. 'पाळी आली की हो, पण जरा कमीच आली' असं सांगणाऱ्या काही बायकांना प्रत्यक्षात दिवस राहिलेले असतात. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला तर असेच डाग पडतात. अशा वेळी पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, घाम, खांद्यात दुखणं यातलं काहीही असेल तर नोंदवही, तारीख सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं, रात्र असेल तर १०८ ला फोन करायचा. नळी फुटली तर जीव जाऊ शकतो.

नंतर आतली तपासणी. चमच्यासारखं एक साधन घालून पिशवीचं तोंड बघतात. जखम, सूज, लोंबणारा मोड आहे का ते दिसतं. हलक्या ब्रशने पेशी घेऊन पॅप तपासणीला पाठवतात. दोन-चार मिनिटांचं काम आहे, अंग सैल सोडलं तर दुखत नाही, ताठ केलं तर टोचतं. डॉक्टर पुरुष असले तर तपासणीच्या वेळी दुसरी बाई खोलीत हजर असणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो स्पष्ट लिहिलेला आहे. नणंद, अम्मी, नर्स, कोणीही चालेल. मागायला संकोच करू नका. आणि तपासणीच्या आधी काही दिवस दाईने किंवा कोणी दिलेली औषधाची पुरचुंडी आत ठेवू नका. त्याने सूज येते आणि नमुनाही खराब होतो.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, साखर या नेहमीच्या. तडवी कुटुंबांतल्या जोडप्यांनी याच वेळी सिकलसेलचीही करून घ्यावी. डागांशी तिचा थेट संबंध नाही, पण मूल होण्याआधी ती माहिती दोघांची हवी. एफएसएच आणि एलएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात, एएमएच कोणत्याही दिवशी चालते. प्रोजेस्टेरॉन मात्र पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर एकविसावा दिवस येतो, पस्तीस दिवसांची असेल तर अठ्ठाविसावा. सगळ्यांना सरसकट 'एकविसाव्या दिवशी या' असं कुठे सांगितलं तर आपली पाळी किती दिवसांची ते आपणच सांगायचं.

सोनोग्राफी दोन प्रकारची असते. पोटावरून करायची तर पाणी पिऊन लघवी रोखावी लागते, आतून करायची तर लघवी करून यावं लागतं. मुलाच्या तपासणीत आतूनची जास्त स्पष्ट दिसते. ती विवाहित बायकांचीच करतात. पिशवीचं अस्तर किती जाड आहे, मोड किंवा गाठ आहे का, बीजकोश कसे आहेत ते कळतं. अस्तरातला लहान मोड शोधायचा असेल तर पाळी संपल्यावर लगेचचे दिवस चांगले, कारण तेव्हा अस्तर पातळ असतं. शंका राहिली तर बारीक नळीने थोडं सलाईन पिशवीत सोडून पुन्हा बघतात. त्याने पाळीत होते तशी कळ येते आणि थोड्या वेळात जाते.

नळ्यांचा एक्स-रे

बायका सर्वांत जास्त घाबरतात ती ही तपासणी, एचएसजी. पाळीचं रक्त थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करतात. पिशवीच्या तोंडातून बारीक नळी घालून औषध सोडतात आणि ते दोन्ही नळ्यांतून पोटात उतरतं का ते एक्स-रेवर बघतात. औषध सोडतानाची कळ जोराची असू शकते, पण मिनिटांचा मामला आहे. तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यायला सांगतात, ती विसरू नका. आयोडीनची अॅलर्जी किंवा दमा असेल तर आधी सांगा. त्या महिन्यात पाळी सुरू झाल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध ठेवायचा नाही, नाहीतर पोटात नुकताच राहिलेला गर्भ एक्स-रेखाली येण्याची भीती. ज्यांना मधूनमधून डाग पडतात त्यांनी इथे दुप्पट सावध राहावं. आलेली खरी पाळीच होती का याची शंका असेल तर लघवीची तपासणी करूनच टेबलावर जायचं. एक्स-रेच्या खोलीत बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञ पुरुष असतो. आत नर्स थांबेल का, अंगावर चादर मिळेल का हे वेळ घेतानाच विचारून ठेवलं की ऐनवेळी गडबड होत नाही.

नंतर एक-दोन दिवस थोडं रक्त आणि चिकट पाणी जातं. ताप, घाणेरडा वास किंवा वाढती दुखणी मात्र लगेच दाखवावी. 'नळी बंद' असा रिपोर्ट आला तरी खचून जाऊ नका. कळ आली की नळीचं तोंड आवळतं आणि उघडी नळीही बंद दिसते.

सोनोग्राफीत मोड किंवा काही संशयास्पद दिसलं तर दुर्बिणीने पिशवी आतून बघतात. पोटावर टाका नाही, काप नाही. भूल देणार असतील तर सहा तास उपाशी राहायचं आणि त्याच दिवशी घरी. मोड दिसला तर त्याच वेळी काढता येतो, म्हणजे तपासणी आणि इलाज एकाच खेपेत. जुन्या पद्धतीचं क्युरेटिंग, ज्याला आपण 'पिशवी साफ करणं' म्हणतो, ते न बघता खरवडणं आहे. लहान मोड त्यात राहून जाऊ शकतो.

अस्तराचा तुकडा तपासणीला काढला की एक गोष्ट नातेवाइकांनी डोळ्यांत तेल घालून बघावी. पेशींच्या तपासणीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये जातो, पण टीबीच्या तपासणीचा साध्या सलाईनमध्ये जायला हवा. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग ते वाढवून बघण्याचा प्रश्नच राहत नाही. आपल्या देशात पिशवी आणि नळ्यांचा टीबी हे मूल न होण्याचं एक मोठं कारण आहे, आणि त्यात खोकला असेलच असं नाही. मात्र फक्त एका पीसीआर रिपोर्टवर सहा महिन्यांची औषधं सुरू करण्याआधी बाकीच्या खुणा जुळतात का हे डॉक्टरांना विचारावं. निदान पक्कं झालं तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

पोटातली दुर्बीण, म्हणजे लॅप्रोस्कोपी, ही शेवटची पायरी. पूर्ण भूल, बेंबीपाशी आणि खाली बारीक छेद. पाळीत असह्य दुखत असेल, नळ्यांचा संशय असेल तरच. 'सगळं एकदाच करून टाकू' म्हणून पहिल्याच भेटीत ही सुचवली तर आधीच्या तपासण्या का वगळल्या ते विचारा.

शौहरची तपासणी कधी?

आमच्या मते सर्वांत आधी. वीर्याची तपासणी स्वस्त, बिनदुखण्याची आणि एका सकाळची. बायकोला एक्स-रेच्या टेबलावर झोपवण्याआधी ती झालेली असावी. दोन ते सात दिवसांचा परहेज ठेवून नमुना द्यायचा असतो आणि तो तासाभरात तपासायला हवा. पहूरहून जळगाव चाळीस-एक किलोमीटर, त्यात रस्ता आणि एसटीचा भरवसा, त्यामुळे घरून बाटली नेण्यात अर्थ नाही, लॅबमध्येच द्यावा. पुष्कळ घरांत बाईच्या चार-पाच तपासण्या होतात, दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते, आणि पुरुषाची एकही तपासणी झालेली नसते. याला इन्साफ म्हणत नाहीत. बाईला डाग पडतात म्हणजे दोष तिचाच, असं कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

नमाज-रोजाचं: पाळीच्या मुदतीबाहेरचं रक्त म्हणजे इस्तिहाजा. त्यात नमाज माफ होत नाही, रोजा राहतो, मियाँ-बीवीच्या संबंधाला मनाई नाही. प्रत्येक वक्ताला नवा वुजू करायचा. फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी हाच प्रश्न हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना विचारला होता, तेव्हा लाजण्यासारखं यात काही नाही. हनफी मसलकात हैजची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस आणि दोन हैजांच्या मध्ये किमान पंधरा दिवस पाकीचे. कोकणातल्या शाफई घरांत कमाल मुदत पंधरा दिवस धरतात. माहेर कोकणातलं आणि सासर खानदेशातलं असेल तर हिशेब वेगळा येतो, एखाद्या जाणकार आलिमाला विचारून घ्यावं. तीच कॅलेंडरची नोंद इथेही उपयोगी पडते. रक्त तपासणीला दिल्याने रोजा तुटत नाही. आतल्या तपासणीबाबत उलमांची मतं वेगवेगळी आहेत, आणि तातडी नसेल तर ती ईदनंतर ठेवणं सोपं.

'पिशवी काढून टाका' म्हटलं तर

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण सगळ्यांनी ऐकलंय. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ साली दिलेल्या अहवालात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं, अनियमित पाळी, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन बायका गेल्या आणि वर सांगितलेल्या साध्या तपासण्यांच्या आधीच ऑपरेशन झालं अशा कहाण्या त्यात होत्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाकारण पिशवी काढणं रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं. खानदेशातही शेतमजूर आणि तोडणीला जाणाऱ्या बायका आहेत, त्यांनाही एका सोनोग्राफीवर 'पुढे कॅन्सर होईल' अशी भीती घातली जाते. मूल हवं असलेल्या बाईला डागांसाठी कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर तुकड्याचा रिपोर्ट कुठे आहे हा पहिला प्रश्न, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत ही दुसरी पायरी. सही घरातल्या पुरुषाची नाही, तिची स्वतःची आणि समजून-उमजून.

सुरुवात पहूरच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा जामनेरच्या उपजिल्हा रुग्णालयातून करता येते. नळ्यांचा एक्स-रे आणि दुर्बीण यांसाठी जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, धुळ्याकडच्यांना तिथलं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पीजे गाडी बंद झाल्यापासून पाचोऱ्याकडे जाणंही रस्त्यानेच, म्हणून एकाच खेपेत जास्तीत जास्त कामं होतील असा दिवस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खाजगीत भरती होऊन काही करायचं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, पैसे भरल्यानंतर नाही. रेशनकार्ड आणि दोघांचं आधार सोबत ठेवा. सोनोग्राफीच्या फिल्म, एक्स-रे, रक्ताचे कागद एकाच पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. नवीन दवाखान्यात गेलं की जुने कागद नसले तर सगळं पहिल्यापासून करायला लावतात, आणि एचएसजीची कळ कोणाला दोनदा सोसायला लागू नये.