भांड्यांवरची नावे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया, सनदा नि बखरी उभ्या राहतात. घरातल्या माळ्याकडे इतिहास म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. पण वाचकहो, दिवाळीच्या चिवड्यासाठी माळ्यावरून जी पितळी परात खाली आली असेल, तिच्या काठावर एकदा बोट फिरवून पाहा. छिन्नीने ठोकलेली किंवा ठिपक्याठिपक्यांची अक्षरे हाताला लागतील. एक नाव, एक गाव, क्वचित तिथी किंवा सन.

भांड्यावर नाव घालण्यामागे पहिले कारण अगदी व्यवहाराचे. वाड्यात कुणाकडे मुंज निघाली की आळीतली पातेली, पराती, घंगाळी एका ठिकाणी गोळा होत. पंगती उठल्यावर आपले पातेले कोणते आणि शेजारणीचे कोणते, हा निवाडा त्या अक्षरांवर होई. पुढे भाऊ वेगळे निघाले की वाटणीच्या वेळी हीच अक्षरे साक्षीला येत. कासाराच्या दुकानी भांडे घेतले की नाव घालून देणे हे सौद्यात धरलेलेच असे.

परंतु ही नावे बहुतेक बायकांची, हे मला फार उशिरा जाणवले. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले की मुलीचे माहेरचे नाव तिथेच संपे. घराण्याच्या वंशावळी पाहा, त्यांत बाप, मुलगा, नातू अशा पुरुषांच्याच ओळी चालतात. जमिनीच्या कागदांवरही बायका सहसा विधवा झाल्यावरच दिसतात. लग्नाआधी आईने हौसेने घेऊन ठेवलेल्या कळशीवर मात्र माहेरचे नाव राहून जाई. आमच्या पणजीचे असेच आहे. माहेरी तिला नदीचे नाव होते, सासरी देवीचे झाले. देवीचे नाव सगळ्यांना ठाऊक, नदीचे फक्त त्या तांब्याच्या कळशीला ठाऊक.

मराठी कुटुंबे काही पिढ्यान्‌पिढ्या एकाच उंबऱ्याआड बसून राहिली नाहीत. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली. त्यानंतर रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे एक वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईच्या वाटेला लागली. एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने निजत, जेवण खाणावळीत. बायको गावी, आणि तिची भांडीही गावी. गिरणगावच्या चाळीत पितळ फार थोडे आले, त्याचे कारण हे.

पुण्याची हकीकत निराळी. १८९७ च्या प्लेगात रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोल्जर घराघरांत शिरले. माणसे छावणीत गेली, आणि सामान रस्त्यावर काढून जाळल्याच्या तक्रारी झाल्या. कपडे, अंथरुणे, लाकूड जळते. तांबेपितळ जळत नाही. घर सोडताना बाईचा जीव भांड्यांत अडके तो उगाच नव्हे. दागिन्यांखालोखाल तिच्या नावाची मत्ता तीच. गरज पडली तर मोडीत घालून चार पैसे उभे करता येत. आपण ज्याला जिव्हाळा म्हणतो त्याच्या तळाशी असा रोकडा हिशेब असतो, आणि त्याने जिव्हाळा कमी होतो असे मला तरी वाटत नाही.

आमचे घर शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला, दोन खोल्यांचे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. आजीने चार मुले आणि देव्हाऱ्यातले देव तेवढे उचलले. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. वडील तेव्हा तेरा वर्षांचे होते. ते सांगत, की आळीतली मुले चिखलात हात घालून भांडी काढीत, धूत, आणि वरचे नाव मोठ्याने वाचीत. नाव ऐकून एकेक बाई पुढे येई. पणजीची कळशी अशी परत आली. मात्र ते नदीचे नाव ऐकून कुणीच पुढे होईना, कारण ते कुणाचे हे आळीत कुणालाच ठाऊक नव्हते. अखेर खुद्द पणजीच म्हणाली, “अगं, ती मीच.” तोवर तिला त्या नावाने हाक मारणारे कुणी उरले नव्हते.

त्याच चिखलात एक तांब्याचा हंडा निघाला. त्यावरचे नाव आळीतले नव्हते. नारायण पेठेतून वाहत आला की आणखी वरून, देव जाणे. खडकवासल्याचे तळे रिते झाल्याने शहराला पाण्याची विलक्षण टंचाई पडली होती. आजीने त्या हंड्यात पाणी भरले, पण चुलीवर तो कधी चढवला नाही. परक्याची ठेव ती. पुढे वर्षभर ती हळदीकुंकवाला जाई तिथे चौकशी करी. नाव मात्र आपण होऊन सांगत नसे. “ज्याचा असेल त्याने नाव सांगावे नि न्यावा,” हा तिचा नियम.

पितळेला पाण्याने जे केले नाही ते पोलादाने केले. १९१३ साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणाऱ्या पोलादाचा शोध लावला. आमच्याकडे ती भांडी साठ-सत्तरच्या सुमारास घरोघर शिरली. जुन्या पितळेविषयी हळहळणारी माणसे पुष्कळ भेटतात, पण त्यांतल्या किती जणांनी ते चिंचेने घासले असेल याची मला शंका आहे. पितळेच्या भांड्यात आमटी-ताक ठेवायचे तर आत कल्हई हवी, नाही तर पदार्थ कळकतो. मग कल्हईवाल्याची वाट पाहा, त्याचा भाता, नवसागराचा धूर, आणि दर काही महिन्यांनी पैसे. वडिलांची मुंबईला बदली झाल्यावर चाळीत पाणी येई तासभर. तेवढ्यात घंगाळ कोण घासणार? आईने दोन पिंपे आणि तीन पातेली मोडीत घालून स्टीलचे डबे घेतले, आणि तिने ते योग्यच केले असे मी म्हणतो. जी भांडी गेली त्यांवरची नावे मात्र भट्टीत वितळली. कुणी उतरून घेतली नव्हती.

उतरून घेण्याचे, जपण्याचे वेड एका पुणेकराने केले. डॉ. दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, पानदाने, दौती, दारे गोळा केली. सोबत पत्नी कमलाबाई. त्यांचा लहानगा मुलगा राजा अकाली गेला. संग्रहालयाला त्याचे नाव दिले. सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह १९७५ साली त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मी दरवर्षी शाळेची मुले घेऊन तिथे जातो. मुले मस्तानी महालापाशी गर्दी करतात, मी स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी रेंगाळतो.

मुंबईहून आम्ही डोंबिवलीला आलो, तिघे भाऊ तीन ठिकाणी झालो. आता आमची इमारत पाडून नवी व्हायची आहे. नव्या फ्लॅटला माळा नाही. धाकट्याचे म्हणणे, सगळे किलोवर देऊन टाकावे. वहिनी म्हणतात, निदान समई ठेवा. गेल्या मे महिन्यात मी शाळेची एक वही घेऊन माळ्याखाली बसलो आणि भांडी एकेक करून उतरवली. एकोणीस भांडी, चौदा नावे. त्यांतल्या सहा बायका कोण हे घरात कुणालाच सांगता आले नाही. एक मावळणच्या सासूची निघाली. बाकीची वाटणीत कशी आली, कुणाच्या लग्नात, कुणाच्या सुटकेच्या वेळी अडचण भागवायला, ते सांगणारे आता नाहीत.

धाकट्याशी तडजोड झाली ती अशी: समई वहिनींकडे, परात मधल्याकडे, कळशी माझ्याकडे. उरलेली वहीत नाव उतरल्यावर जातील. हंडा तेवढा कुठेच जाणार नाही. शनिवार-नारायण पेठेतल्या कुणाच्या घरी १९६१ च्या पुरात एक मोठा तांब्याचा हंडा वाहून गेल्याचे सांगत असतील, तर त्यांनी या अंकाच्या संपादकांकडे पत्र टाकावे. हंड्यावरचे नाव मी येथे छापत नाही. ते त्यांनी सांगायचे आहे.